तुतारी, आंबे आणि राजापूर नावाचा गेलेला मतदारसंघ

मला निवडणुकीचे आकडे पाठ करायची खोड आहे. लोक क्रिकेटचे करतात तसं. बायको म्हणते की तुला लग्नाची तारीख आठवत नाही पण 1977 ला कोण कुठून निवडून आलं ते झोपेत सांगशील, आणि ते अगदीच खोटं नाहीये. तर मे महिन्यात मामाकडून आंब्याच्या पेट्या आणायच्या निमित्ताने पाच दिवस कोकणात जायचं ठरलं. म्हटलं नुसते आंबे कशाला, आजोळचा अख्खा मतदारसंघच उत्तरेकडून दक्षिणेकडे पालथा घालू. आजचा रत्नागिरी-सिंधुदुर्ग, म्हणजे 2008 च्या फेररचनेआधीचा राजापूर मतदारसंघ अधिक जुन्या रत्नागिरीचा एक तुकडा. राजापूर हे नाव लोकसभेच्या यादीतून गेलं आणि आमच्या पुढच्या पिढीला ते माहीतही नाही याचं मला उगाच वाईट वाटतं.

दिवस पहिला

मध्यरात्री दादरहून तुतारी एक्स्प्रेस पकडली. नाव केशवसुतांच्या कवितेवरून, आणि केशवसुत रत्नागिरीजवळच्या मालगुंडचे. वरचा बर्थ मिळाला आणि पाठ टेकल्या टेकल्या मधु दंडवते आठवले. हसू नका, खरंच आठवले. सेकंड क्लासमध्ये आधी नुसत्या लाकडी फळ्या असायच्या, त्यावर फोमची गादी घालायचं काम दंडवते रेल्वेमंत्री असताना, म्हणजे 1977 ते 79 मध्ये सुरू झालं. आणि दंडवते खासदार कुठले, तर राजापूरचे. ज्या मतदारसंघात तेव्हा रेल्वेचा एक रूळ नव्हता तिथला माणूस देशाला गादी देऊन गेला. कोकण रेल्वे पूर्ण व्हायला 26 जानेवारी 1998 उजाडला, तोपर्यंत आमच्या लोकांनी लाल डब्याच्या एसटीतच कंबर मोडून घेतली.

करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आला तेव्हा उजाडलं होतं. त्यात शिरलं की मोबाईल मेला, मग सगळा डबा एकदम गप्प होतो आणि बाहेर पडल्यावर सगळे एकदम हॅलो हॅलो करायला लागतात.

रत्नागिरीला उतरून लॉजवर पिशवी टाकली, मिसळ खाल्ली आणि टिळक आळीतून चालत सुटलो. रत्नागिरीची जागा ही आमच्या राजापूरपेक्षा फार चंचल होती बरं का. 1957 ला इथून जनसंघाचे प्रेमजीभाई आशर निवडून आले. त्या वर्षी जनसंघाचे सगळ्या देशात मिळून चार खासदार होते, एक बलरामपूरहून वाजपेयी आणि एक हे आमच्या रत्नागिरीचे! पणती हे चिन्ह. मग 1962 आणि 67 ला काँग्रेसच्या शारदा मुखर्जी, म्हणजे हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख सुब्रोतो मुखर्जी यांच्या पत्नी, ज्या पुढे आंध्र आणि गुजरातच्या राज्यपाल झाल्या. 71 ला काँग्रेसचे शांताराम पेजे, 77 आणि 80 ला जनता पक्षाचे बापूसाहेब परुळेकर, 84 ला काँग्रेसचे हुसेन दलवाई, मग दोनदा गोविंदराव निकम, आणि 1996 पासून चार वेळा शिवसेनेचे अनंत गीते. जनसंघ, काँग्रेस, जनता, काँग्रेस, शिवसेना. सगळ्यांचं घर करून झालं.

संध्याकाळी मांडवीच्या जेट्टीवर भेळ खात बसलो होतो तर शेजारी एक रिटायर्ड मास्तर. (मास्तरच असणार, मी चुकीचं साल सांगितल्यावर लगेच दुरुस्त केलं.) ते म्हणाले, फेररचनेत रत्नागिरीचा मतदारसंघच मधून कापला, दापोली आणि गुहागर रायगडला जोडले आणि चिपळूण, रत्नागिरी राजापूरला चिकटवले, आता आमचा खासदार सावंतवाडीत काय बोलतो ते आम्हाला पेपरात कळतं. त्यांच्या बोलण्यात एक बारीक तक्रार होती ती अशी की सिंधुदुर्गवाले स्वतःलाच मतदारसंघ समजतात. मी गप्प बसलो कारण मी आजोळकडून सिंधुदुर्गवाला.

दिवस दुसरा

राजापूरची एसटी. पाली, लांजा, मग राजापूर. हायवे बरा झालाय पण मध्येच डायव्हर्जन येतं आणि सगळी गाडी एका बाजूला कलंडते, शेजारच्या काकूंच्या मांडीवरची फणसाची फोड माझ्या मांडीवर.

राजापूर शहर बघून जरा खट्टू व्हायला होतं. इंग्रजांची वखार होती इथे, शिवाजी महाराजांनी 1661 ला लुटली, मोठं बंदर होतं. आता खाडी गाळाने भरलेली, पावसाळ्यात बाजारपेठेत अर्जुना नदीचं पाणी, आणि रेल्वे स्टेशन गावापासून लांब कुठेतरी. पन्नास वर्षं लोकसभेच्या मतदारसंघाला या गावाचं नाव होतं. चहाच्या टपरीवर विचारलं तर पोरगा म्हणाला, "राजापूर तर विधानसभा ना?" बरोबर आहे त्याचं. तेवढंच उरलंय.

नाव तरी कसं आलं बघा. 1952 ला रत्नागिरी उत्तर आणि रत्नागिरी दक्षिण अशा दोन जागा होत्या. उत्तरेतून आझाद हिंद सेनेचे जगन्नाथराव भोसले, दक्षिणेतून मोरेश्वर जोशी, दोघंही काँग्रेसचे. 57 पासून दक्षिणेचं झालं राजापूर. तेव्हापासून जे काँग्रेसला इथे दार बंद झालं ते थेट 1991 पर्यंत उघडलं नाही. चौतीस वर्षं! नेहरू, इंदिरा, राजीव, सगळ्यांच्या लाटा येऊन किनाऱ्याला आपटून परत गेल्या आणि राजापूर कोरडंच.

इथे रिफायनरीचा विषय काढला की टपरीवरचे आवाज एकदम खाली येतात. नाणारचं भूसंपादन मार्च 2019 मध्ये रद्द झालं, लोकसभेच्या तोंडावर, मग विषय बारसूला गेला, एप्रिल 2023 ला तिथल्या सड्यावर माती परीक्षणावरून आंदोलन पेटलं. बारसूच्या कातळावर हजारो वर्षांपूर्वीची खोदचित्रं आहेत. मला ती बघायची होती पण दुपारी एक वाजता सड्यावर जायचं म्हणजे आत्महत्याच, म्हणून रिक्षावाल्याने सरळ नाही म्हणून सांगितलं. शहाणा माणूस.

संध्याकाळी कणकवलीची गाडी पकडून पुढे. कणकवलीत उतरलो की पहिलं काय दिसतं? बॅनर. या बाबतीत कणकवलीचा हात कोणी धरू शकत नाही. रात्री उशिरा मामाकडे, कुडाळ तालुक्यात. सोलकढी, भात, सुंगटाचं सुकं, झोप.

दिवस तिसरा

आज कुठेही गेलो नाही. म्हणजे मालवणला जायचं होतं, पण मामा सुरू झाला.

मामाचं वय अठ्ठ्याहत्तर. सकाळी पडवीत चहा घेताना मी माझी यादी काढली, तर चष्मा लावून बघितली आणि म्हणाला, "खासदारांची यादी घेवन काय करतलंस? आंब्याची यादी कर." पण पाच मिनिटांनी स्वतःच बोलायला लागला.

त्याला पहिलं मत नाथ पैंना द्यायचं होतं. तेव्हा मतदानाचं वय एकवीस, 1967 ला मामा एका वर्षाने कमी पडला. नाथ पै वेंगुर्ल्याचे, लंडनला जाऊन बॅरिस्टर झालेले, 57, 62 आणि 67 अशा तीन वेळा इथून प्रजासमाजवादी पक्षातर्फे निवडून आलेले. 57 ला संयुक्त महाराष्ट्राचं वारं होतं हे खरं, पण 62 ला महाराष्ट्र मिळून गेलेला, समिती फुटलेली, तरी हे निवडून आलेच. मामा सांगतो, "नाथ पै बोलूक उभे रवले काय लोक जेवान टाकून येयत." आम्ही ऐकलंय ते सगळं असंच ऐकीव. पण संसदेतलं एक काम पुस्तकात आहे, 1967 ला गोलकनाथ खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मूलभूत हक्कांना संसदेने हात लावायचा नाही, तर नाथ पैंनी घटनादुरुस्तीचा अधिकार संसदेला परत मिळावा म्हणून खाजगी विधेयक आणलं. विरोधी पक्षाचा खासदार! ते विधेयक तसंच राहिलं आणि 1971 ला सरकारनेच त्या धर्तीवर चोविसावी घटनादुरुस्ती केली. तोपर्यंत नाथ पै नव्हते. 18 जानेवारी 1971 ला बेळगावात गेले, आदल्या दिवशी तिथे हुतात्मा दिनाचं भाषण करून. वय अठ्ठेचाळीस.

लोकसभा विसर्जित झालेली, मार्चमध्ये मतदान, आणि उमेदवारच गेला. पक्षाने पाठवलं कोणाला तर नगरच्या माणसाला, मधु दंडवत्यांना, मुंबईत सिद्धार्थ कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या प्राध्यापकाला. ना कोकणातला, ना मालवणी बोलणारा. समोर गरिबी हटाओ. त्या निवडणुकीत प्रजासमाजवादी पक्षाच्या देशभरात मिळून फक्त दोन जागा आल्या, आणि त्यातली एक राजापूर. मामाचं पहिलं मत झोपडीला, म्हणजे प्रजासमाजवादींच्या चिन्हाला, पडलं ते असं. मी विचारलं, परका माणूस कसा चालला? म्हणाला, नाथांच्या जाग्यावर इलो ना, मग आमचोच.

दुसऱ्या वर्षी मामा मुंबईला, परळच्या गिरणीत. म्हणून 77 ला जनता पक्षाचा नांगरधारी शेतकरी त्याने मुंबईत बघितला. 80 ला इंदिराबाई परत आल्या तरी रत्नागिरी आणि राजापूर दोन्ही जनताकडे, आणि गंमत म्हणजे तेव्हा दंडवते नवरा-बायको दोघंही लोकसभेत, मधु राजापूरहून आणि प्रमिलाताई मुंबई उत्तर मध्यमधून. मग जानेवारी 1982 चा गिरण्यांचा संप. पुढच्या वर्षी मामा ट्रंक घेऊन गावी परत आला तो कायमचा. यावर तो फार बोलत नाही, आणि मीही विचारत नाही.

84 चं मात्र तो रंगवून सांगतो. इंदिराबाईंच्या हत्येनंतरची निवडणूक, महाराष्ट्रात 48 पैकी 43 काँग्रेसच्या. उरलेल्या पाचात राजापूरचे दंडवते, आणि मुंबई दक्षिण मध्यमधून त्या गिरणी संपाचे पुढारी डॉक्टर दत्ता सामंत. आता डॉक्टर सामंत जन्मले कुठे, तर मालवणच्या देवबागात. म्हणजे आमच्या मतदारसंघातला माणूस मुंबईत निवडून येतो, आणि मुंबईचा प्राध्यापक आमच्याकडे. मामा म्हणतो, आमी मतांची अदलाबदल केली.

इथे माझी ट्यूब पेटली. म्हणजे यादी तर मला पाठ होती, पण तिच्याकडे असं बघितलं नव्हतं. दंडवते मुंबईहून. सुरेश प्रभू चार्टर्ड अकाउंटंट, सारस्वत बँकेचे अध्यक्ष, मुंबईहून. विनायक राऊत खासदार व्हायच्या आधी विलेपार्ल्याचे आमदार. नारायण राणे चेंबूरचे नगरसेवक, तिथून 1990 ला मालवणचे आमदार. नाथ पै सोडले तर जवळपास प्रत्येक जण मुंबईत नाव करून गाडीत बसून इथे आलाय. मामाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "खासदार म्हणजे चाकरमानी रे. चवथीक येता, आरती करता, पोरांका खाऊ देता आणि गाडी धरता."

मामी आतून ओरडली, "आणि तुमी काय केलास दहा वर्सां?"

दुपारी झोपा. संध्याकाळी पुन्हा पडवी.

चाकरमान्यांचं म्हणाल तर शिवसेना इथे आली ती पण त्यांच्याच पिशवीतून, असं मामाचं मत आणि मला ते पटतं. सभा नंतर झाल्या, आधी पोरं मे महिन्यात आणि गणपतीत लालबाग-परळहून यायची, कपाळाला टिळा, शाखेच्या गोष्टी, आणि गावातल्या म्हाताऱ्यांना समाजवादी म्हणजे फक्त शुद्ध बोलणारी माणसं वाटायला लागली. घरात मनीऑर्डर ज्याची त्याचं मत चालतं, हे कोकणात कोणाला समजवायला लागत नाही. 1991 ला दंडवते पडले. अर्थमंत्रीपद सोडून वर्षही झालं नव्हतं, पाच वेळा निवडून आलेला माणूस, आणि काँग्रेसचे निवृत्त मेजर सुधीर सावंत जिंकले. मामाच्या मते मतं खाल्ली गेली, पण कोणी कोणाची खाल्ली यावर पडवीत आलेल्या शेजारच्या दोघांशी त्याचं असं काही वाजलं की मामीने कांदाभजी आणून ठेवली तेव्हा कुठे मिटलं.

96 पासून शिवसेनेचे प्रभू. 96, 98, 99, 2004, आठ वर्षांत चार निवडणुका. ते पुढे 2014 ते 17 रेल्वेमंत्री झाले, पण तेव्हा राज्यसभेतून. तरी बघा, एका आडवळणाच्या मतदारसंघाने देशाला दोन रेल्वेमंत्री दिले आणि आम्हाला अजून गणपतीला तिकीट मिळत नाही.

दिवस चौथा

मामेभावाच्या बाईकवरून मालवण, तिथून वेंगुर्लं. तो तीस वर्षांचा, त्याचं राजकारण 2005 पासून सुरू होतं. त्या साली राण्यांनी शिवसेना सोडली, काँग्रेसमध्ये गेले आणि मालवणची पोटनिवडणूक जिंकली. "दादा, तू ते झोपडी-बिपडी ठेव, आमच्याकडे दोनच पक्ष, राण्यांचा आणि राण्यांच्या विरोधातला," हे त्याचं विश्लेषण. टीव्हीवर दोन तास बोलून जे सांगतात ते याने गिअर बदलता बदलता सांगितलं.

आणि आकडे त्याच्या बाजूने आहेत. 2009 ला, नव्या नावाची पहिली निवडणूक, काँग्रेसचे नीलेश राणे, म्हणजे नारायण राण्यांचे चिरंजीव, प्रभूंना 46,750 मतांनी हरवून आले. 2014 ला शिवसेनेच्या विनायक राऊतांनी नीलेशना दीड लाखाने पाडलं. त्या वेळी सावंतवाडीचे दीपक केसरकर राष्ट्रवादीचे आमदार होते, आघाडीचा धर्म म्हणून नीलेशचा प्रचार करायला हवा होता, साफ नकार दिला आणि काही महिन्यांत शिवसेनेत गेले. 2019 ला पुन्हा राऊत विरुद्ध नीलेश, या वेळी राण्यांच्या स्वतःच्या स्वाभिमान पक्षाकडून, फरक वाढून 1,78,322. आणि 2024 ला स्वतः नारायण राणे, भाजपकडून, राऊतांना 47,858 ने हरवून. तेव्हा केसरकर राण्यांच्या प्रचारात होते! भाऊ म्हणाला, त्यात काय एवढं, गावात भावकीत पण असंच असतं.

मला 46,750 आणि 47,858 या दोन आकड्यांची फार गंमत वाटते. मुलगा आणि वडील, पक्ष वेगळे, मध्ये पंधरा वर्षं, आणि फरक जवळजवळ सारखाच. पण 2024 चा विजय अख्ख्या मतदारसंघाचा नाही, हे आतले आकडे बघितले की कळतं. चिपळूण, रत्नागिरी, राजापूर या वरच्या तीन विधानसभांत राऊत पुढे, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी या खालच्या तिन्हीत राणे. मांडवीवरचे मास्तर आठवले. 2008 ला शिवलेली गोधडी अजून शिवणीवरच उसवते.

अजून एक. 1996 ते 2019, सात लोकसभा, इथे आधी मतपत्रिकेवर आणि मग मशीनवर शिवसेनेचा धनुष्यबाण होता. 2024 ला नव्हता. शिवसेना फुटलेली, राऊतांकडे ठाकरे गटाची मशाल, राण्यांकडे कमळ, आणि धनुष्यबाणवाल्या शिंदे गटाने जागा भाजपला सोडलेली. मामी म्हणाली होती की ती मशीनसमोर जरा थांबलीच, बाण शोधत. मग काय दाबलं, ते नाही सांगितलं. सहा महिन्यांनी विधानसभेला धनुष्यबाण परत आला तो नीलेश राण्यांच्या हातात, कुडाळमधून आठ हजारांच्या आसपास मतांनी, समोर मशालवाले वैभव नाईक, ज्यांनी 2014 ला खुद्द नारायण राण्यांना इथेच पाडलं होतं. बाण परत मिळाला तो असा. मामीचं डोकं चालेना त्यात तिचा काय दोष.

मालवणात बॅरिस्टर नाथ पै सेवांगण आहे, तिथे पाच मिनिटं उभा राहिलो. भाऊ बाहेर बाईकवर मोबाईल बघत बसला. आत शांत, बाहेर रस्त्यावर स्कुबा डायव्हिंगच्या पाट्या. मग चिपीच्या विमानतळावरून पुढे गेलो. 9 ऑक्टोबर 2021 ला त्याचं उद्घाटन झालं तेव्हा उद्धव ठाकरे आणि राणे एकाच व्यासपीठावर होते आणि आमच्या घरात तो कार्यक्रम भारत-पाकिस्तान मॅचसारखा बघितला गेला होता.

वेंगुर्ल्याला बंदरावर सूर्यास्त, मग बांगडा थाळी. भाऊ म्हणाला नाथ पै इथले ना, शाळेत निबंध होता आम्हाला. निबंधात काय लिहिलंस विचारलं तर म्हणाला, वक्तृत्व. अजून काय, तर तेवढंच आठवत होतं.

दिवस पाचवा

कुडाळ स्टेशन, चार पेट्या, मामा सोडायला आलेला. मी नको नको म्हणत असताना एक पेटी उचलून डब्यात चढलाच. गाडी दोन मिनिटं थांबते. पेटी बर्थखाली सरकवली, मग खालच्या बर्थवर जरा टेकला आणि तळहाताने गादी दाबून बघितली.

"दंडवत्यांची ही?"

म्हटलं, त्यांच्या वेळची नाही रे, ही नवीन असेल.

"तरी."

मला तेवढ्यात विचारायचं होतं की 2024 ला तू मत कोणाला दिलंस, पाच दिवसांत ते एकच विचारायचं राहिलेलं. विचारलं पण. तेवढ्यात गाडी हलली आणि तो अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस असा काही चपळाईने खाली उतरला की शेजारचे लोक ओरडलेच. खिडकीतून बघितलं तर प्लॅटफॉर्मवर उभा राहून हात हलवत होता आणि काहीतरी सांगत होता. आंबे गवतातून काढून उलटे ठेव, असं असणार.

चार पेट्यांतले अकरा आंबे खराब निघाले.